दहाव्या दिवसाचा शब्द

रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला काजळी नदी अरबी समुद्राला मिळते. या मुखाच्या उत्तर काठावर राजिवड्याची वस्ती आणि दक्षिण काठावर भाट्ये हे गाव असून, खाडीवर पूल होण्यापूर्वी दोन्ही काठांमधले येणे-जाणे तरीने, म्हणजे माणसे व सामान पार नेणाऱ्या होडीने, चालत असे. सुरूचे बन, लांबलचक पुळण, झरी विनायकाचे देऊळ आणि १९५५ मध्ये सुरू झालेले नारळ संशोधन केंद्र यांमुळे भाट्ये आज बाहेरच्यांना ठाऊक आहे; परंतु नदी आणि सागर यांचा संगम अस्थिविसर्जनास प्रशस्त मानला जात असल्यामुळे असल्या मुखांशी किनाऱ्यावरील घरांचे एक वेगळे, अधिक जुने नाते आहे. घरातला कर्ता पुरुष गेल्यावर त्याला कसे आठवायचे, त्याच्या आठवणीचा कोणता भाग मंत्रांवर सोपवायचा आणि कोणता घरच्या माणसांवर, याची जी रीत या पट्ट्यात शतकानुशतके घडत गेली, तिचा मागोवा येथे घेतला आहे. या रीतीचा गाभा श्राद्धाच्या मंत्रांपेक्षा दहाव्या दिवशी उघड्यावर दिल्या जाणाऱ्या शब्दात आहे, आणि मायाळू, मोठ्या मनाच्या माणसाची खरी ओळख तेथेच जपली गेली, असे या इतिहासाकडे पाहता दिसते.

‘कर्ता पुरुष’ ही संज्ञा प्रथम स्पष्ट केली पाहिजे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेचा आणि व्यवहाराचा भार वाहणाऱ्या, सहसा वयाने वडील असलेल्या पुरुषाला कर्ता म्हणत, आणि सुमारे इ. स. ११०० च्या आसपास विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर लिहिलेल्या ‘मिताक्षरा’ या टीकेच्या आधारे पुढे न्यायालयांनी त्याचे अधिकार ठरवले. कायद्याच्या पुस्तकात हा माणूस मालमत्तेचा व्यवस्थापक एवढाच दिसतो. कोकणातल्या घरात मात्र त्याची व्याप्ती मोठी होती. जमीन थोडी, पाऊस उदंड आणि खाणारी तोंडे पुष्कळ, अशा स्थितीत घरातली तरणी माणसे मुंबईला गिरणीत, गोदीत, नाहीतर कचेरीत चाकरीला जात, त्यांच्या मनीऑर्डरी गावी येत, आणि त्या पैशातून सारा, बियाणे, भावाच्या मुलाची शाळा, विधवा बहिणीचे लुगडे, शेजाऱ्याचे अडलेले लग्न हे सगळे निभावून नेणारा माणूस म्हणजे घरातला कर्ता होय. त्याचे मोठेपण त्याच्या ओटीवरून मोजले जाई. शेवटची तर चुकलेल्या वाटसरूला तेथे अंथरूण मिळते की नाही, आणि पंगतीत ऐनवेळी आलेल्या माणसासाठी पान मांडले जाते की नाही, यावरून गाव त्या घराविषयी बोलत असे.

असा माणूस गेल्यावर काय करावे, याचे लिखित शास्त्र घडवण्यात कोकणाचा वाटा लक्षणीय आहे, आणि तो पुरेसा लक्षात घेतला जात नाही. उत्तर कोकणातील शिलाहार वंशाचा राजा अपरादित्य याने बाराव्या शतकात याज्ञवल्क्य स्मृतीवर लिहिलेली टीका ‘अपरार्क’ या नावाने ओळखली जाते आणि श्राद्धाची सविस्तर चर्चा तिच्यात आहे. महाराष्ट्रातील याज्ञिकांच्या, म्हणजे घरोघरी विधी चालवणाऱ्या पुरोहितांच्या, रोजच्या वापरातला ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी १७९० च्या सुमारास पंढरपुरात रचला. पण त्यांचे घराणे मूळचे संगमेश्वराजवळच्या गोळवलीचे. चिपळूणजवळच्या पेढे-परशुराम येथे १८८० मध्ये जन्मलेले महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या १९५३ मध्ये निघालेल्या चौथ्या खंडात अंत्येष्टी, आशौच आणि श्राद्ध यांची चिकित्सा केली. राजा, पुरोहित आणि संशोधक अशा तीन वेगळ्या भूमिकांतून एकाच प्रदेशातल्या माणसांनी या विषयाला आयुष्याचा मोठा भाग द्यावा, यात या भूमीची पितरांविषयीची आस्था दिसून येते.

विधीची रचना थोडक्यात अशी. दहनाच्या वेळी पाण्याने भरलेले मडके खांद्यावर घेऊन मोठा मुलगा चितेभोवती फेऱ्या घालतो, प्रत्येक फेरीला त्या मडक्याला दगडाने भोक पाडतात, आणि शेवटी मडके फोडल्यावर तो दगड जपून ठेवतात. शास्त्रात त्याला अश्मा म्हणतात, घरात जीवखडा. मुठीत मावेल एवढा, कुठल्याही वाटेवर सापडणारा हा खडा पुढचे दहा दिवस गेलेल्या माणसाच्या जागी असतो. त्याच्यावर तिळमिश्रित पाण्याची ओंजळ, म्हणजे तिलांजली, सोडतात आणि दहाव्या दिवसाचे कार्य झाले की तो पाण्यात विसर्जित करतात. बाराव्या दिवशीच्या सपिंडीकरणात मृताच्या नावाचा भाताचा पिंड तीन भाग करून त्याच्या बापाच्या, आजोबाच्या आणि पणजोबाच्या पिंडांत मिसळला जातो. त्या क्षणापासून मृत हा ‘प्रेत’ राहत नाही, पितर होतो. आणि त्याला जागा करून देण्यासाठी वरची चौथी पिढी नावाने पिंड घेण्याच्या रांगेतून बाहेर पडते. तिला पुढे ‘लेपभाक्’ म्हणतात, म्हणजे पिंड देताना हाताला चिकटून राहिलेल्या अन्नाचा अंश तेवढा तिच्या वाट्याला येतो. पुढे दर वर्षी बाप वसूच्या, आजा रुद्राच्या आणि पणजा आदित्याच्या रूपाने आवाहन केला जातो.

या सगळ्या विधीत गेलेल्या माणसाचे नाव येते, गोत्र येते, नाते येते. पण तो कसा होता याविषयी एक अक्षर येत नाही. चार घरे पोसणारा आणि शेजाऱ्याच्या बांधावर हात टाकणारा, दोघांनाही एकाच मापाचा पिंड आणि एकच मंत्र मिळतो. ही उणीव समजणे चुकीचे ठरेल. शास्त्राने प्रत्येकाला सारखे स्थान दिले आणि स्वभावाची आठवण घरच्या माणसांच्या हाती मोकळी ठेवली, म्हणूनच ती मोकळी राहिलेली जागा लोकरीतीने भरून काढली.

ती जागा म्हणजे दहाव्या दिवशीचा काकस्पर्श होय. नदीकाठी किंवा समुद्राजवळच्या ठरलेल्या ठिकाणी पिंड मांडून माणसे बाजूला होतात आणि कावळा पिंडाला शिवण्याची वाट पाहतात. कावळा लगेच शिवला तर गेलेला माणूस तृप्त होता असे मानतात. तो जवळ येऊन फिरला, झाडावर बसून राहिला, की जमलेल्यांत कुजबुज सुरू होते, आणि मग एकेक जण पुढे येऊन हात जोडून बोलू लागतो. धाकटा भाऊ म्हणतो, धाकटीचे लग्न आम्ही करून देऊ, तुम्ही काळजी करू नका. पुतण्या म्हणतो, काकूला अंतर देणार नाही. कोणी वाड्याच्या गहाण कागदाचे नाव काढतो, कोणी अर्धवट राहिलेल्या विहिरीचे, कोणी गाभण गाईचे. आणि कधीकधी घराशी रक्ताचे नाते नसलेला एखादा माणूस गर्दीतून पुढे येऊन सांगतो की, त्यांनी माझ्या मुलाच्या शिक्षणाचे मनावर घेतले होते, ते मी आता स्वतः पुरे करीन. एखाद्या शब्दाला कावळा खाली उतरतो आणि लोक समजतात की, माणसाचा जीव यातच अडकला होता. कोणत्याही शब्दाला तो आला नाही, तर दर्भाचा कावळा करून त्याचा पिंडाला स्पर्श करवतात आणि कार्य पुढे चालते.

पक्ष्याच्या हालचालीवरून परलोकीची इच्छा ओळखण्याची ही समजूत आज अनेकांना पटत नाही, आणि न पटण्यास कारणेही आहेत. तरीही समाजाच्या इतिहासात त्या अर्ध्या-पाऊण तासाचे मोल फार आहे. घरातला आधार गेल्यानंतर अवघ्या दहाव्या दिवशी, भाऊबंद, सोयरे, शेजारी यांच्या देखत, त्याच्या अंगावरच्या जबाबदाऱ्या एकेक करून मोठ्याने उच्चारल्या जातात आणि कोणीतरी त्या उचलल्याचे सर्वांच्या कानांवर पडते. कागद नसला तरी असा शब्द गावात मोडता येत नसे. गेलेल्याने आयुष्यभर कोणाकोणाचे ओझे न बोलता वाहिले होते, हे पुष्कळदा त्याच्या बायकोमुलांनाही प्रथम याच वेळी कळत असे. त्याच्या मोठ्या मनाचे चरित्र अशा रीतीने तुकड्यातुकड्याने आणि उघड्यावर सांगितले जाई, आणि सांगणारे तेच असत ज्यांना ते पुढे चालवायचे होते.

शास्त्रातही औदार्याला एक जागा आहे, ती श्राद्धाच्या शेवटी. ब्राह्मणांचे भोजन झाल्यावर श्राद्ध करणारा दक्षिणेकडे पाहून पितरांपाशी मागणे मागतो, आणि मनुस्मृती व याज्ञवल्क्य स्मृती या दोहोंत आलेल्या या मागण्यात कुळातील देणाऱ्यांची संख्या वाढावी, द्यायला घरात पुष्कळ असावे आणि श्रद्धा ढळू नये, असे म्हटले आहे. धन आधी आणि दान मग, असा क्रम येथे नाही. देणारी माणसे आधी मागितली आहेत, याकडे लक्ष वेधले पाहिजे. त्याचप्रमाणे भाद्रपदाच्या वद्य पक्षातील महालय श्राद्धात, ज्याला कोकणात ‘म्हाळ’ म्हणतात, पिंडांची यादी बाप-आजा-पणजा एवढ्यावर थांबत नाही; आईकडचे तीन पुरुष, काका, मामा, आत्या, मावशी, बहीण, सासरा, आणि त्यापुढे गुरू, शिष्य व आप्तमित्र यांनाही तीत स्थान आहे. ज्याने परक्यांना घरचे मानले, त्याला त्या परक्यांनीही आपल्या पितरांत बसवावे, अशी सोय या यादीने करून ठेवली आहे. किनाऱ्यावरील पुष्कळ घरांत म्हाळाचा विधी याज्ञिकाच्या पोथीपेक्षा चुलीपाशी अधिक रंगतो: वडे, काळ्या वाटाण्याचे सांबार, तांदळाची खीर, अळू, भोपळा, आणि यांखेरीज गेलेल्याच्या आवडीचा एखादा पदार्थ. पितरांसाठी केळीच्या पानावर वाढून ठेवलेल्या या नैवेद्याला ‘वाडी’ म्हणतात. ती कावळ्याला दाखवल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही, आणि त्या पानावर काय वाढायचे हे सांगण्याचा मान, अर्थातच, घरातल्या वडीलधाऱ्या बाईचा असतो.

समुद्राकाठच्या आणि चाकरमान्यांच्या मुलखात या रीतीला आणखी दोन प्रश्नांना तोंड द्यावे लागले. पहिला अंतराचा. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ मध्ये सुरू झाला; त्याआधी मुंबईहून आगबोटीने किंवा घाट उतरून येणाऱ्या गाडीने गावी पोचायला वेळ लागे, आणि पावसाळ्यात आगबोटी बंद असत, त्यामुळे बापाच्या दहनाला मुंबईचा मुलगा हजर असणे हे नशिबावर अवलंबून असे. धर्मशास्त्रात ‘अतिक्रांत आशौच’ म्हणून जो भाग आहे, म्हणजे मृत्यूची बातमी उशिरा कळल्यास सुतक किती धरावे याचे नियम, तो येथे पोथीत न राहता रोजच्या जगण्यात उतरला. दूरच्या नात्यात सुतक लोटलेल्या काळानुसार कमी होत जाई आणि वर्ष उलटल्यावर नुसत्या स्नानाने फिटे. मुलाला मात्र आई-बापांच्या मृत्यूची बातमी ज्या दिवशी कळेल त्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस धरावे लागत. परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत तार हाती पडल्यावर पोराने धरलेले ते दहा दिवस हा या जिल्ह्याच्या इतिहासातला एक मोठा आणि फारसा न लिहिला गेलेला भाग आहे.

दुसरा प्रश्न, देह न सापडण्याचा. दर्यावर गेलेला माणूस परतला नाही, तर बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचे ३६० देठ मांडून व दर्भाने बांधून त्याची प्रतिकृती करावी आणि तिचे दहन करावे, असे शास्त्र सांगते; याला पालाशविधी म्हणतात. अपघाताने किंवा शस्त्राने मृत्यू आलेल्यांसाठी पितृपक्षातली चतुर्दशी आणि तिथी ठाऊक नसलेल्यांसाठी अमावास्या राखून ठेवलेली आहे. समुद्राने नेलेल्या माणसाच्या घरी त्यामुळे रडण्यासाठीही एक ठरलेला दिवस होता.

आतापर्यंतचे वर्णन सर्व समाजांना सारखे लागू नाही. खाडीच्या परिसरातील मुसलमान वस्त्यांत तिसऱ्या दिवसाची जियारत, म्हणजे कबरीपाशी जाऊन केलेली प्रार्थना, आणि चाळिसाव्या दिवसाचे जेवण यांतून मृताच्या नावे अन्न वाटले जाते. जोतीराव फुले यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त पुरोहिताशिवाय करावयाच्या अंत्यविधीचा विचार आला, आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर, ज्या जिल्ह्यात डॉ. आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ गाव आंबडवे आहे त्या रत्नागिरीत, बौद्ध कुटुंबांनी पिंडदान सोडून जलदान विधी आणि पुण्यानुमोदन यांचा स्वीकार केला. पुण्यानुमोदन म्हणजे मृताने केलेल्या चांगल्या कृत्यांचे स्मरण करून त्यांना संमती देणे. येथे एक महत्त्वाचा बदल दिसतो: माणूस कसा होता हे सांगणे आता विधीच्या कडेला न राहता त्याच्या मध्यभागी आले. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध असलेले विनायक दामोदर सावरकर यांनीही आपल्या मागे पिंड व काकस्पर्श नको आणि दहन विद्युतदाहिनीत व्हावे असे लिहून ठेवले होते. वेगवेगळ्या, किंबहुना परस्परविरोधी, विचारांच्या माणसांनी एकाच विधीवर आक्षेप घेतल्यानंतर शोकसभा ही नवी रीत शहरातून गावात आली, आणि दहाव्याला जे शब्द पिंडासमोर उच्चारले जात ते शाळेच्या किंवा देवळाच्या सभामंडपात उच्चारले जाऊ लागले.

स्वभावाची आठवण कागदावर उतरवण्याचे श्रेय मात्र मुख्यतः स्त्रियांना दिले पाहिजे. न्यायमूर्ती रानडे १९०१ मध्ये वारले आणि रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये निघाले. कोकणाशी जवळचे उदाहरण हवे असेल तर ते दापोलीकडच्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे आहे. टिळक १९१९ मध्ये वारले आणि १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांना असे उभे केले की, हातातला पैसा टिकू न देणारा, वाटेत भेटलेल्या निराधाराला सरळ घरी आणणारा, क्षणात भडकणारा आणि क्षणात विरघळणारा तो माणूस मराठी वाचकाच्या घरातलाच झाला. त्यांच्या औदार्याचा भार प्रत्यक्षात कोणी उचलला, रिकाम्या डब्यांतून आलेल्या पाहुण्यांचे जेवण कोणी उभे केले, हेही त्या पुस्तकात कसल्याही कडवटपणाशिवाय दिसते. मोठ्या मनाच्या पुरुषाचे कोणतेही स्मरण या दुसऱ्या बाजूशिवाय अपुरे आहे, आणि जुन्या रीतीत ती बाजू बोलण्याची सोय फार थोडी होती.

सार्वजनिक स्मरणाचा विचार करताना रत्नागिरीच्या भागोजी शेठ कीर यांचे नाव टाळता येत नाही. गरीब भंडारी कुटुंबात जन्मून मुंबईत बांधकामाच्या व्यवसायात वर आलेल्या या गृहस्थाने रत्नागिरीत सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर बांधून दिले, जे १९३१ मध्ये उघडले गेले, आणि दादरच्या शिवाजी पार्कजवळची स्मशानभूमी आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या कुळाबाहेरच्या हजारो घरांना बापाला अखेरचा निरोप देण्यासाठी जागा मिळावी, ही देणगी म्हाळाच्या विस्तृत यादीची आठवण करून देते.

भाट्याच्या मातीत मात्र कर्त्या पुरुषाची आठवण सर्वांत जास्त काळ धरून ठेवते ते माडाचे झाड. बाणवलीसारखा उंच जातीचा माड लावल्यापासून सहा-सात वर्षांनी धरू लागतो आणि साठ-सत्तर वर्षे, कधी त्याहून अधिक, फळतो. माणसाने चाळिशीत लावलेला माड त्याच्या मुलाला, नातवाला आणि बहुधा पणतवालाही नारळ देतो, म्हणजे ज्या तीन पिढ्या त्याच्या नावाने पिंड देणार त्याच पिढ्या त्याच्या झाडाचे खातात. एकत्र घराच्या वाटण्या होत तेव्हा जमीन एकाची आणि तिच्यावरचे माड दुसऱ्याचे, असेही होई. माड एकेक मोजून वाटले जात आणि प्रत्येक झाड कोणी लावले हे सांगणारा म्हातारा त्या वेळी वाटणीच्या बैठकीत मुद्दाम बसवला जात असे. वाटणीत बागेच्या कडेचा एखादा माड कोणाच्याच हिश्श्यात न घालता देवाला किंवा येणाऱ्या-जाणाऱ्याला ठेवला गेला, तर तो कोणत्या माणसाने लावला होता ते विचारावे लागत नसे.

या रीतीत गेल्या तीस वर्षांत झालेला सर्वांत मोठा बदल मुलींमुळे घडला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये अविवाहित मुलींना आणि केंद्र सरकारने २००५ मध्ये सर्व मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत जन्मजात वाटेकरी ठरवले; हक्क ज्या चार पिढ्यांच्या मांडणीवर उभा होता त्याच मांडणीवर पिंडही उभा असल्यामुळे, हक्कापाठोपाठ विधीचा प्रश्न आपोआप पुढे आला. मुलीने अग्नी देणे, मुलीने तिलांजली सोडणे हे शहरांत आता नवलाचे राहिलेले नाही, पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्याचे शिक्षण देऊन मंत्रांचा अर्थ मराठीतून सांगत विधी करण्याची वाट मोकळी केली आहे, आणि मुंबई-पुण्यातून गावी येणाऱ्या कुटुंबांबरोबर ही पद्धत किनाऱ्यापर्यंत पोचू लागली आहे. काकूला अंतर देणार नाही, असे पिंडासमोर हात जोडून सांगणारी पुतणी हे त्यामुळे येत्या काळातले नेहमीचे दृश्य असेल. आणि तिच्या शब्दाला, पूर्वी पुतण्याच्या शब्दाला नव्हते तेवढे, सातबाऱ्यावरच्या नावाचेही पाठबळ असेल.